मास्तरीणबाई ते कुलगुरू : बडोद्यातील स्त्रियांच्या अधिकाराचा इतिहास

बडोदे संस्थानाच्या इतिहासाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या सुधारणा, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, फिरती ग्रंथालये, ग्रंथकारांना आणि कलावंतांना मिळालेला राजाश्रय हे विषय आपल्या वाचकांस नवे नाहीत. या सुधारणांमुळे बडोद्यातील स्त्री शिकली, हेही आपण वारंवार ऐकतो. परंतु शिकलेली स्त्री पुढे कामाला लागली काय, लागली असल्यास त्या कामात तिचा दर्जा कोणता होता, आणि इतरांच्या कामाविषयी निर्णय करण्याच्या जागेवर ती केव्हा बसली, हे तीन प्रश्न वेगळे करून क्वचितच पाहिले जातात. शिक्षण मिळाले की नोकरी मिळते आणि नोकरी मिळाली की अधिकार ओघानेच येतो, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. बडोद्याचा इतिहास नीट पाहिला तर ती टिकत नाही.

भाषेचा अध्यापक म्हणून या विषयाकडे पाहताना माझे लक्ष प्रथम काही शब्दांकडे जाते. मराठीत पाटलीण म्हणजे पाटलाची बायको; ती गावची पाटीलकी करीत नाही. वकिलीणबाई म्हणजे वकिलाची पत्नी. मास्तरीणबाई हा शब्दही मुळात मास्तरांच्या कुटुंबासाठीच वापरला जाई. पुढे मुलींच्या शाळांतून स्वतः शिकवणाऱ्या स्त्रिया दिसू लागल्या आणि त्याच शब्दाला दुसरा अर्थ आला. डॉक्टरीणबाई या शब्दाचेही तसेच झाले. ‘ईण’ प्रत्ययाने येणारा मान नवऱ्याच्या हुद्द्यावरून येतो. स्वतःच्या हुद्द्याचा मान ही निराळी गोष्ट आहे. एकाच शब्दाने हे दोन्ही अर्थ वाहावेत, असा एक काळ आपल्या समाजात होऊन गेला. पुढे जे सांगावयाचे आहे ते या दोन अर्थांमधील अंतराविषयीच आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. या सक्तीतून मुलींना वगळले नव्हते, ही त्या काळच्या मानाने असामान्य गोष्ट होय. मात्र १९०६ च्या व्यवस्थेत मुलांसाठी सक्तीचे वय सात ते बारा असे होते आणि मुलींसाठी सात ते दहा. हा दोन वर्षांचा फरक लहान वाटतो. पण मुलीचे लग्न, घरकाम आणि लोकलज्जा यांना सरकारने दिलेली ती सवलत होती. त्याच राज्याने १९०४ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा केला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे सुधारक राज्यालाही किती जपून पाऊल टाकावे लागत असे याची कल्पना येते.

मुलींना शाळेत आणावयाचे तर त्यांना शिकवणार कोण, हा प्रश्न तत्काळ उभा राहिला. वयात येऊ लागलेली मुलगी पुरुष शिक्षकापुढे बसवण्यास पालक राजी नसत. त्यामुळे स्त्री-शिक्षकांची गरज निर्माण झाली आणि त्यांच्या प्रशिक्षणाची सोय करावी लागली. स्त्रियांचा पगारी नोकरीतील प्रवेश हा केवळ कोणाच्या औदार्याने झाला नाही, तर शिक्षणखात्याच्या निकडीने झाला. स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर, मुलींसाठी स्त्री-शिक्षिका, हा त्या काळचा सर्वत्र आढळणारा न्याय होता. त्याने एक दार उघडले खरे. पण त्या दाराआडच्या दालनाची भिंतही त्यानेच बांधली. स्त्रीने स्त्रियांपुरते काम करावे, पुरुषांच्या कामावर तिची देखरेख असू नये, हे गृहीत त्यात दडलेले होते. ग्रंथालयांतही हेच दिसते. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन बडोद्यास आले आणि येथील ग्रंथालय-चळवळीला व्यवस्थित रूप मिळाले. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. त्या विभागामुळे कितीतरी घरांतल्या स्त्रियांच्या हाती पुस्तक आले, हे उपकार कोणी नाकारणार नाही. तरी ग्रंथालय म्हणजे पुरुषांचे आणि स्त्रियांचा तो एक विभाग, ही मांडणी पुढे फार वर्षे टिकली.

या पार्श्वभूमीवर महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांचे कार्य पाहावे लागते. देवासच्या घाटगे घराण्यातील या गजराबाई १८८५ च्या अखेरीस सयाजीरावांच्या द्वितीय पत्नी म्हणून बडोद्यास आल्या. मराठा राजघराण्याच्या रीतीप्रमाणे त्यांच्यावर पडद्याचे बंधन होते. महाराजांसमवेत त्या युरोप-अमेरिकेत गेल्या की तेथे पडदा नसे. बडोद्यास परतल्या की तो पुन्हा येई. एकाच व्यक्तीने दोन समाजांत दोन प्रकारे वावरावे, ही स्थिती कोणाही विचारी स्त्रीला प्रश्न विचारावयास लावणारी आहे. चिमणाबाईंनी ते प्रश्न ग्रंथरूपाने मांडले. १९११ मध्ये लंडनहून ‘द पोझिशन ऑफ विमेन इन इंडियन लाइफ’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सिद्धमोहन मित्र हे त्याचे सहलेखक होत.

या ग्रंथाचे नाव पाहून कोणास वाटेल की त्यात सती, बालविवाह, वैधव्य या नेहमीच्या विषयांची चर्चा असेल. प्राचीन भारतातील स्त्रियांच्या स्थानाचा परामर्श त्यात आहेच. परंतु ग्रंथाचा मुख्य रोख वेगळा आहे. परदेशांत स्त्रिया कोणकोणते व्यवसाय करतात, त्यासाठी त्यांनी कोणत्या संस्था आणि संघटना उभारल्या आहेत, आणि त्यांतले काय आपल्याकडे येथील परिस्थितीला मानवेल अशा रीतीने आणता येईल, याचा शोध त्यात आहे. समाजसुधारणेच्या त्या काळातील बहुतेक लेखन स्त्रीच्या दुःखाविषयी होते. हे पुस्तक स्त्रीच्या कामाविषयी आहे. स्त्रीची दया करू नका, तिला धंदा शिकवा आणि त्याची व्यवस्था लावा, असा त्याचा सारांश काढता येईल. १९११ साली एका महाराणीने असा विचार करावा, हे मला आजही विलक्षण वाटते. ग्रंथाची उणीवही सांगितली पाहिजे. तो इंग्रजीत होता. ज्यांच्यासाठी तो लिहिला गेला त्या वाड्यावाड्यांतील मराठी आणि गुजराती स्त्रियांना तो वाचता येणे शक्य नव्हते. त्यांच्यापर्यंत पोहोचली ती त्या विचाराची कृती. १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय स्थापन झाले. शिवण, भरतकाम यांसारखी कामे शिकून घर सांभाळणाऱ्या स्त्रीला चार पैसे मिळवता यावेत, ही त्यामागील कल्पना होती. ज्या काळात नवऱ्यामागे स्त्रीच्या हाती स्वतःचे असे काहीच उरत नसे, त्या काळात या चार पैशांचे मोल केवळ रुपया-आण्यांत मोजता येत नाही. चिमणाबाईंनी पुढे पडद्याचाही त्याग केला.

जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी महाराणी चिमणाबाई होत्या. मार्गारेट कझिन्स यांच्या पुढाकाराने भरलेल्या या परिषदेपुढे त्या वेळी प्रामुख्याने शिक्षणाचा विषय होता. पुढे तिचे क्षेत्र कायदा, मालमत्ता आणि मताधिकार येथवर विस्तारले. दुसऱ्या अधिवेशनाच्या अध्यक्षा भोपाळच्या बेगम सुलतान जहान होत्या. या दोन अध्यक्षांत एक फरक आहे आणि तो आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भोपाळच्या बेगम स्वतःच्या अधिकाराने राज्य करीत आल्या होत्या. बडोद्याच्या महाराणींचे कर्तृत्व कितीही मोठे असले तरी त्यांचे पद महाराजांच्या पत्नीचे होते. शब्दांच्या भाषेत सांगावयाचे तर ‘महाराणी’ हा शब्द मास्तरीणबाईच्या पहिल्या अर्थाचा आहे. चिमणाबाईंची योग्यता त्यामुळे उणावत नाही. उलट, पदाने जे दिले नव्हते ते त्यांनी स्वतःच्या विचाराने मिळवले. पण संस्थानच्या कारभारात स्त्रीसाठी अधिकाराची जागा त्या काळी निर्माण झाली नव्हती, हेही तितकेच खरे.

ती जागा बडोद्यात निर्माण व्हावयास संस्थान संपण्याची वेळ यावी लागली. येथे हंसाबेन मेहता यांचा प्रवेश होतो. त्यांचा जन्म १८९७ चा. वडील मनुभाई मेहता हे बडोद्याचे दिवाण. आजोबा नंदशंकर हे गुजराती कादंबरीचे आद्य लेखक. हंसाबेनांचे महाविद्यालयीन शिक्षण बडोदे कॉलेजात झाले आणि १९१८ मध्ये त्या तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी वृत्तपत्रविद्या आणि समाजशास्त्र यांचा अभ्यास केला. जातीची मर्यादा ओलांडून त्यांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याशी विवाह केला. हेच जीवराजभाई पुढे बडोद्याचे दिवाण आणि १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. म्हणजे हंसाबेन दिवाणाच्या कन्या आणि दिवाणाच्या पत्नी. ही अनुकूलता लक्षात न घेता त्यांचे चरित्र सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र जुन्या अर्थाने ‘दिवाणीण’ म्हणून राहण्यास त्यांनी ठाम नकार दिला, आणि तेथेच त्यांचे वेगळेपण आहे. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावास भोगला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत स्त्रियांसाठी राखीव जागा उपलब्ध असताना त्यांनी ती नाकारली आणि सर्वसाधारण जागेवरून निवडून येऊन मुंबई विधिमंडळात प्रवेश केला.

१९४५ च्या अखेरीस हैदराबाद येथे भरलेल्या महिला परिषदेच्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या. बडोद्याच्या महाराणींनी ज्या परिषदेचे पहिले अध्यक्षपद भूषवले, तिच्याच व्यासपीठावरून बडोद्याच्या या दुसऱ्या स्त्रीने स्त्रियांच्या हक्कांची आणि कर्तव्यांची सनद मांडावी, हा योग वाचकांच्या लक्षात आलाच असेल. ही सनद १९४६ मध्ये सिद्ध झाली. तीत समान वेतनाची मागणी होती, मालमत्तेतील आणि विवाहविषयक कायद्यांतील समतेची मागणी होती. चिमणाबाईंच्या १९११ च्या ग्रंथात स्त्रीला काम मिळावे हा आग्रह होता. पस्तीस वर्षांनंतर प्रश्न कामाच्या मोबदल्याचा आणि कायद्यापुढील बरोबरीचा झाला होता.

१९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत बोलताना हंसाबेनांनी सांगितले की स्त्रियांच्या संघटनांनी राखीव जागा, ठरीव प्रमाण किंवा स्वतंत्र मतदारसंघ यांची मागणी कधीच केली नाही. त्यांना हवा होता सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय. या भूमिकेचा स्वाभिमान मनाला भिडतो. तरीही ती मला पूर्णतः पटत नाही. ज्या सभेत त्या बोलत होत्या, तिच्या सुमारे तीनशे सदस्यांत अवघ्या पंधरा स्त्रिया होत्या. सर्वसाधारण जागेवरून लढण्याची हिंमत हंसाबेनांना होती, कारण शिक्षण, घराणे आणि चळवळ या तिन्ही गोष्टी त्यांच्या पाठीशी होत्या. खेड्यातल्या शेतमजूर स्त्रीपाशी यांपैकी काय होते? १९९३ मध्ये पंचायतींत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या गेल्या, तेव्हाच तिला ग्रामपंचायतीचे दार उघडले. लोकसभा आणि विधानसभा यांच्याविषयीची तशी घटनादुरुस्ती तर २०२३ साली झाली. तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांच्यावर ठेवली गेली. हंसाबेनांचा न्यायावरील विश्वास मोठा होता. न्याय किती सावकाश चालतो याचा अंदाज त्या पिढीला नसावा.

त्यांच्या दुसऱ्या एका आग्रहाविषयी मात्र माझ्या मनात शंका नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात सर्व ‘मेन’ स्वतंत्र व समान जन्मतात अशा अर्थाची शब्दयोजना होती. ‘मेन’ या शब्दात स्त्रिया आल्याच, असे अध्यक्षांसह अनेकांचे मत होते. हंसाबेनांनी हरकत घेतली. ज्या देशांना स्त्रियांना वगळावयाचे असेल ते या शब्दाचा अक्षरशः अर्थ लावतील, हा त्यांचा मुद्दा होता. अखेर ‘सर्व मानव’ अशी रचना स्वीकारली गेली आणि १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा संमत झाला. शब्दांवरून वाद घालणाऱ्यांना आपल्याकडे किरकिरे समजतात. हा किरकिरेपणा बडोद्याच्या एका विदुषीने जगाच्या व्यासपीठावर केला नसता तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा.

आता त्या पदाकडे वळू. ३० एप्रिल १९४९ रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. सयाजीरावांची विद्यापीठाची इच्छा त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांच्या हातून अशा रीतीने संस्थानच्या अगदी अखेरच्या घटकेस पूर्ण झाली. नव्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू म्हणून हंसाबेनांची नियुक्ती झाली. त्यापूर्वी त्या मुंबईच्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्याच. परंतु महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेले ते विद्यापीठ स्त्रियांचे होते. बडोद्यास मुलगे आणि मुली दोघेही शिकत, बहुसंख्य प्राध्यापक पुरुष होते, आणि त्या सर्वांच्या नियुक्त्या, वेतन व अभ्यासक्रम यांविषयीचे निर्णय कुलगुरूंच्या अध्यक्षतेखाली व्हावयाचे होते. सहशिक्षण देणाऱ्या भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-कुलगुरू. स्त्रीने स्त्रियांपुरते काम करावे, ही भिंत येथे पडली. आणखी एक गंमत अशी की ‘कुलगुरू’ या शब्दाला मराठीने ‘ईण’ जोडली नाही. ‘कुलगुरू आल्या’ असेच आपण म्हणतो. बदलते ते क्रियापद, पदाचे नाव बदलत नाही.

नऊ वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. ललित कला, समाजकार्य आणि गृहविज्ञान यांच्या विद्याशाखा आरंभीच्या काळातच उभ्या राहिल्या. यांतील गृहविज्ञानाविषयी तेव्हाही कुजबुज झाली असेल आणि पुढे तर उघड टीका झाली : स्त्रीसमतेच्या कैवारी कुलगुरूंनी मुलींना पुन्हा स्वयंपाकघरातच पाठवावे काय? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण आहारशास्त्र, बालविकास, वस्त्रविद्या हे विषय विद्यापीठात शास्त्र म्हणून आले, त्यांना प्रयोगशाळा आणि पदव्या मिळाल्या, त्यांच्या प्राध्यापक आणि विभागप्रमुख म्हणून स्त्रिया बसल्या. घरात जे काम बिनमोल आणि बिननावाचे होते, त्याला व्यवसायाचे नाव मिळाले. चिमणाबाईंच्या उद्योगालयाची कल्पनाच येथे विद्यापीठाच्या पातळीवर आली, असे मला वाटते.

१९४९ या वर्षाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. त्याच वर्षी चोनिरा बेळ्यप्पा मुथम्मा या भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल होणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. लग्न झाल्यास नोकरी सोडावी लागेल, अशा अटीसह त्यांना सेवेत घेतले गेले. एकीकडे बडोद्यात स्त्री-कुलगुरू आणि दुसरीकडे दिल्लीत ही अट! संविधानाने सरकारी नोकरीत समान संधीची हमी दिल्यानंतरही अशा नियमांचे अवशेष राहिले. बढती डावलली गेल्यावर मुथम्मांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली, आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या सेवेच्या नियमांतील विषमतेवर कडक ताशेरे ओढले. समान वेतनाची गोष्टही अशीच. १९४६ च्या सनदेतील ही मागणी संविधानात मार्गदर्शक तत्त्व म्हणून आली, १९७६ मध्ये तिचा कायदा झाला, आणि १९८७ मध्ये मुंबईतील एका कंपनीतल्या लघुलेखिका ऑड्री डिकोस्टा यांना तो सर्वोच्च न्यायालयातून मिळवावा लागला. पुरुष लघुलेखकांइतकेच काम करून त्यांना कमी वेतन मिळत होते; पैसे नाहीत, ही कंपनीची सबब न्यायालयाने ऐकली नाही.

साहित्याच्या क्षेत्रातले आपण लोक या बाबतीत फारसे पुढे आहोत, असे म्हणवत नाही. मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. तिला पहिली स्त्री-अध्यक्षा मिळाली १९६१ मध्ये, कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने, म्हणजे त्र्याऐंशी वर्षांनी. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये तारा भवाळकर, अशी एकूण संख्या सहा झाली. या सहांपैकी तीन संमेलने महाराष्ट्राबाहेर भरली होती : ग्वाल्हेर, इंदूर आणि दिल्ली. बृहन्महाराष्ट्रातील आपणां मराठी मंडळींना यात थोडे समाधान मानता येईल. मात्र जुन्या ग्रंथालयांत वर्गणीदार आणि वाचक म्हणून स्त्रिया किती, आणि भिंतीवरील अध्यक्ष-कार्यवाहांच्या फलकावर त्यांची नावे किती, हा हिशेब प्रत्येक संस्थेच्या सभासदांनी आपापल्या दालनात उभे राहून करावा.

हंसाबेन १९५८ मध्ये कुलगुरुपदावरून निवृत्त झाल्या. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात महाराणी चिमणाबाईंचे निधन झाले. हंसाबेनांना १९५९ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि १९९५ मध्ये, सत्त्याण्णव वर्षांच्या असताना, त्यांचे देहावसान झाले. बडोद्यातील उद्योगालयाला चिमणाबाईंचे नाव आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला हंसाबेनांचे.